दोन महिने थांब

भाऊ : ताई, फक्त दोन महिने थांब. नवं मॉडेल येतंय.

ताई : गेल्या वर्षीही तू हेच म्हणालास. त्याच्या आदल्या वर्षीही.

भाऊ : मग आलंच ना दर वेळी?

ताई : येणारच. त्यांचा धंदाच तो आहे. माझा धंदा एडिटिंगचा, आणि हा लॅपटॉप आता धापा टाकतोय.

भाऊ : रॅम वाढवून देतो. दुकानात आण, अर्ध्या तासाचं काम.

ताई : दोनदा वाढवलीस. परवाचा घोळ तुला सांगितलाच नाही मी.

भाऊ : कसला घोळ?

ताई : शूटिंगच्या मूळ फाइल्स याला पेलत नाहीत. म्हणून मी त्यांच्या हलक्या, धूसर प्रती करते आणि त्यांच्यावर काम उरकते. शेवटी मूळ फाइल्स परत जागेवर बसवायच्या असतात. परवा त्या बसवायच्याच राहिल्या. दिग्दर्शिकाबाईंनी मोठ्या पडद्यावर लावलं, तर सगळ्यांचे चेहरे ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे.

भाऊ : अगं आई गं. मग?

ताई : मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण बाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, तुमचं काम आवडलंय, माझा पुढचा अडीच तासांचा चित्रपट तुम्हीच करा. फक्त असं पुन्हा चालणार नाही. सोमवारी सुरुवात. आयुष्यातला पहिला मोठा चित्रपट आहे रे माझा.

भाऊ : सोमवारी? आज शनिवार.

ताई : म्हणून तर तुला बोलावलं. पैशांची सोय झालीये, ते विचारू नकोस. कुठला घेऊ तेवढं सांग.

भाऊ : आणि दोन महिन्यांनी तोच स्वस्त झाला तर?

ताई : होऊ दे.

भाऊ : तू म्हणशील होऊ दे. आई बोलेल, भाऊजी बोलतील. मागच्या वेळी आपण हा घेतला आणि महिन्याभरात नवा आला, तर सगळ्यांनी मला कसलं धारेवर धरलं होतं. अजून घरात कुणी मिक्सर घ्यायचा म्हटला तरी माझी टिंगल होते.

ताई : म्हणून तू मला तीन वर्षं थोपवून धरलंस?

भाऊ : हो. पुन्हा चुकायचं नव्हतं मला. तुझ्या बाबतीत तर नाहीच नाही.

ताई : वेड्या, इकडे बघ. तू निवडलेल्या याच लॅपटॉपच्या जोरावर मी नोकरी सोडली. साठ छोट्या फिल्म्स केल्या याच्यावर. तुझं चुकलं, असं मी कधी म्हटलंय?

भाऊ : नाही. तू नाही म्हणालीस कधी.

ताई : मग?

भाऊ : सोळा इंची घे. आणि स्क्रीनच्या बाबतीत काटकसर करू नकोस, तुझं सगळं काम रंगांचं. चल, मी येतो बरोबर.

ताई : आणि घरच्यांनी विचारलं तर काय सांगू?

भाऊ : सांग, मी निवडलाय.