त्र्यंबकतात्यांची गुबगुबीत सीट

हं, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. नाम घेऊन झालं, आता एक प्रश्न घेऊ. मंडळी, सांगा — माणसाला सुख हवंसं वाटलं, तर ते पाप आहे का?

गप्प का? समोर बुवा उभा आहे म्हणून ‘हो महाराज, पाप आहे’ असं तोंडदेखलं म्हणू नका! उशी कडक झाली की आपण कापूस पिंजून आणतोच ना? देवालासुद्धा उघड्या पाटावर बसवत नाही, खाली वस्त्र घालतो. मग सुखात खोट येते ती कुठून? त्यासाठी एका सायकलच्या सीटची गोष्ट ऐका. हसू नका! देव सीटमधूनही बोलतो — जरा खालून बोलतो, एवढंच!

कृष्णाकाठी नांदणगाव म्हणून गाव. तिथले त्र्यंबकतात्या सूर्यवंशी. साखर कारखान्याच्या काट्यावर जन्मभर उसाच्या गाड्या तोलल्या आणि निवृत्त झाले. माणूस भाविक. दर गुरुवारी संध्याकाळी बंधारा ओलांडून पलीकडच्या दत्ताच्या देवळात पालखीला जायचे. सायकलवर. आणि एकटे नाहीत, मागे कॅरिअरवर त्यांच्या मंडळी — अनसाक्का.

त्या देवळाची एक रीत होती. पालखी उचलण्याआधी एक पद म्हणायचं, आणि ते अनसाक्कांनीच म्हणायचं. वयानं आवाज जाडसर झालेला, पण सूर असा लागायचा की भोई आपसूक खांदा द्यायला पुढे व्हायचे. तात्या स्वतः पक्के बेसूर! त्यांच्या हाती कुणी टाळही देत नसे. पण अक्का गायला लागल्या की हे खांबाला टेकून डोळे मिटायचे. तात्यांचा अख्खा आठवडा त्या एका पदाच्या आशेवर चालायचा.

अशात लेकानं पुण्याहून नवी सायकल पाठवली. क्रूझर! म्हशीच्या शिंगांसारखं हँडल, जाडजूड टायर, आणि वर बसलं की माणूस दरबारात बसल्यासारखा ताठ. तात्यांनी पहिलं काम काय केलं? मागे कॅरिअर बसवून घेतलं. अक्कांसाठी! प्रेम होतं हो, नव्हतं असं नाही.

पण त्या सायकलची सीट — दिसायला पाट, बसायला उखळ! ताठ बसायचं म्हणजे अंगाचा सगळा भार एकाच जागी. कुठली जागा, ते सांगत बसत नाही. बायका आधीच पदर तोंडाला लावतायत. आणि रस्ता कसला? ज्या ऊसगाड्या तात्यांनी जन्मभर तोलल्या, त्यांनीच फोडलेला. कर्म कुणाला चुकलंय!

मग सुरू झाला शोध. सांगलीच्या दुकानातून तात्यांनी फोमची सीट आणली. ती इतकी मऊ की तात्या तिच्यात रुतले, आणि मांड्या सोलून निघाल्या. दुकानदार म्हणाला, नुसत्या मऊपणावर जाऊ नका, खाली स्प्रिंगा हव्यात. आणली स्प्रिंगांची. ती आधीपेक्षा रुंद, आधीपेक्षा लांब. जरा बरं वाटलं; पण बरं वाटलं की माणूस थांबतो का? थांबला तर माणूस कसला! पारावर कुणी म्हणालं, तात्या, पाठीला टेकण असलेली सीट निघालीय. झालं! तीही आली. मागे स्प्रिंगा, त्यांच्या मागे टेकण, वर तपकिरी रेक्झिन. नवरदेवाची खुर्चीच म्हणा ना. गावात ज्याला-त्याला थांबवून तात्या सांगायचे, लोण्यावर बसल्यागत वाटतं बघा.

आणि इकडे, मंडळी, अनसाक्का म्हणाल्या, गुडघे धरलेत, या गुरुवारी तुम्हीच जा.

तात्यांनी तेल आणलं, शेक दिला. पुढचा गुरुवार आला, गुडघे तसेच. त्याच्या पुढचाही तसाच. देवळात गुरवाच्या सुनेनं पद धरलं, बिचारी अर्ध्यात विसरली. पालखी निघाली, पण मुक्यानं निघाली. तात्या खांबाला टेकले, डोळे मिटले, पण मन काही लागेना. अक्का आता येतच नाहीत की काय, असं वाटायला लागलं. लोण्यासारखी सीट होती हो, पण त्या लोण्यावर बसून जायचं कुठे, हेच कळेनासं झालं.

देवळात पखवाज वाजवायचा रामभाऊ कोष्टी. पखवाजाएवढंच पोट. त्या दिवशी पालखीनंतर तो म्हणाला, “तात्या, सीटचं एवढं कौतुक सांगताय, मग आज मला बसू द्या की. तुम्ही मागं बसा, मी नेतो बंधाऱ्यापर्यंत.”

स्वतःची बढाई माणसाला कुठे नेऊन बसवते बघा — कॅरिअरवर!

तात्या मागे बसायला गेले, तर बसायचं कुठे? सीट आणि टेकण मागे सरकत सरकत निम्म्या कॅरिअरवर आलेलं. उरली ती लोखंडाची एक पट्टी, तीही कडेची. तात्या तिथे कसेबसे टेकले. पहिला खड्डा आला. पुढे रामभाऊ स्प्रिंगांवर उडाला आणि “वा, तात्या, वा!” म्हणाला. खाली आला तेव्हा टेकणाची कड तात्यांच्या बरगडीत बसली. दुसरा खड्डा. पुन्हा रामभाऊची “वा!”, पुन्हा इकडे बरगडी. पुढच्याचं सुख जितकं उंच उडत होतं, तितका मागच्याला दणका बसत होता. बंधारा यायच्या आधीच तात्यांनी सायकल थांबवायला लावली. रामभाऊनं विचारलं, लागलं का? तात्या बरगडी चोळत उतरले. सायकल हातात धरून चालत घरी आले.

अक्का ओट्याशी भाकरी थापत होत्या. तात्या दारातच उभे राहिले.

“अनसा, गुडघे दुखतात तुझे?”

“दुखत्यात की.”

“खरं सांग.”

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. “बरगडी दुखती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं होतं ना, सीट कशी आहे म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला कशी वाटती? तुम्ही म्हणाला, झकास.” भाकरी उलटत त्या म्हणाल्या, “बऱ्याच दिवसांनी हसत सायकल चालवत होता. त्यात मी कुठं मोडता घालू?”

मंडळी, काट्यावर भल्याभल्यांचं वजन सांगणारा माणूस! पण पाठीमागं दर गुरुवारी बसणारं दुःख किती भरतंय, ते काही त्याला तोलता आलं नाही.

नंदीवर शंकर बसतात, तेव्हा पार्वती कुठे असते? त्याच नंदीवर! शेषावर विष्णू पहुडतात. लक्ष्मी पायाशी असली, तरी बसते शेषावरच, उघड्या फरशीवर नाही. देवांना एवढं कळतं, तात्यांना कॅरिअरवर बसून कळलं. आपल्याला कधी कळायचं?

दुसऱ्या दिवशी तात्या अक्कांना घेऊन पुन्हा सांगलीच्या दुकानात. दुकानदारानं हात जोडले — आता याहून मऊ नाही हो काका! तात्या म्हणाले, मऊ राहू दे. आज बसून बघणार मी, पण पास-नापास करणार ही. आणि अक्कांना कॅरिअरवर बसवलं. तात्या एकेक सीट लावून पुढे बसायचे, अक्का मागून सांगायच्या — लागती, लागती, ही पण लागती. शेवटी एक आखूडशी, मागे रुंद, बिनटेकणाची साधी सीट लावली, तेव्हा अक्का ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, ही असू द्या. कॅरिअरवर त्यांच्यासाठी जाड गादी बांधून घेतली, आणि मगच दोघं दुकानातून निघाली.

गुरुवारी पालखीआधी अक्कांनी पद उचललं. भोई पुढे झाले. तात्यांनी खांबाला टेकून डोळे मिटले, तर या खेपेला डोळे गळायलाच लागले.

बाहेर आल्यावर रामभाऊनं विचारलं, “तात्या, नवी सीट कशी आहे?”

तात्या चपला घालत म्हणाले, “मला काय विचारतोस? अक्काला विचार.”

तर मंडळी, सुखात पाप नाही! पण सुख जागा खातं. कुणाची जागा खातं, एवढं मान वळवून बघत जा. आणि घरी जाईपर्यंत कशाला थांबता? आत्ताच वळवा! पुढच्या रांगेतले पुरुष सगळे लोडाला टेकून, पंख्याखाली. आणि आयाबाया त्या तिकडे भिंतीशी, उघड्या फरशीवर. हां, आता कसं, सगळे एकदम सावरून बसले!

द्या ते लोड मागे. हातोहात जाऊ द्या. पंखाही वळवा तिकडे. सगळ्या नीट टेकल्या की मला सांगा — मग नाम घेऊ. तोवर देव थांबतो.