स्कॉचला टिंचरचा वास

स्कॉचचा वास कसा असतो, हे मला दादा गेल्यावर कळलं. तो इथल्याच एका हॉटेलात बार सांभाळायचा. घरात त्याची सिंगल माल्ट स्कॉचची अर्धी बाटली राहिली होती. त्याला हिच्यात एवढं काय आवडायचं, ते मला बघायचं होतं. म्हणून बाटली घेऊन त्याच्या बारमधल्या जोडीदाराकडं, सलीमभाईकडं गेलो. मी ग्लास तोंडाला लावणार, तोच त्यांनी हात धरला.

"छोटे, आधी वास घे. कशाचा येतो?"

"दवाखान्याचा. टिंचरचा."

मला वाटलं, चुकलो.

"बराबर. तुझा भाई ह्याच वासावर फिदा होता."

मी ग्लास खाली ठेवला. शेवटी दवाखान्यात होता तेव्हा दादा सारखा म्हणायचा, "काय भारी वास येतोय रे इथं."

आम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं, तापात बरळतोय.