फक्त एक खुरपं हवं होतं!

...नाही, चूक माझीच, मान्य आहे, पण तुम्हीच सांगा, माणूस खुरपं आणायला जातो आणि पिशवीभर अवजारं घेऊन येतो, यात सगळी चूक त्या एकट्या माणसाची असते का हो? मला फक्त एक खुरपं हवं होतं!

तुम्हाला सांगतो, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. जाताना माझ्यावर एकच गोष्ट सोपवली, गॅलरीतला तिचा गुलाब. सात वर्षं वाढवलेला, माझ्या खांद्याएवढा! "अहो, आठवड्यातून एकदा माती मोकळी करा आणि रोज तांब्याभर पाणी. एवढं जमेल ना?" जमेल ना म्हणजे काय! तेहेतीस वर्षं कचेरी सांभाळली मी... पण झालं काय, अडकलेली खिडकी उघडायला मी तिचंच खुरपं घातलं, मूठ राहिली हातात आणि पातं गेलं खाली. म्हणून दुकान गाठलं.

दुकानदार असा बघायला लागला, जसं काही मी एकाच पायाचा बूट मागितला. "नुसतं खुरपं? काका, छाटणीची कात्री नको? दाताळं? झारी? कात्रीला धार लावायला कानस? गंजू नये म्हणून तेल? आणि काटे टोचतील, हातमोजे घ्या!" तो काढतोय, मी मान डोलावतोय, तो काढतोय, मी डोलावतोय... घरी येऊन पिशवी उपडी केली, तर काय? सगळं आहे, खुरपंच नाही! अहो, मला फक्त एक खुरपं हवं होतं!

परत निघणार, तेवढ्यात शेजारचे निवृत्त इंजिनिअर कठड्यावरून डोकावले. "कात्री आणलीत आणि छाटणी नाही? वाळकी टोकं काढा की!" काढली. कात्री नवी कोरी, हात कुठला थांबतोय? "डावी बाजू वर राहिली." डावी कापली. "आता उजवी वर दिसतेय." उजवी कापली. "थांबा, लेव्हल आणतो!" आणली हो! ती बुडबुड्याची पट्टी, गवंड्यांची, गुलाबावर धरली! डावी, उजवी, परत डावी... अर्ध्या तासानं बुडबुडा बरोब्बर मधोमध आणि गुलाब माझ्या गुडघ्याखाली. "आता कसं!" म्हणाले आणि चहाला निघून गेले.

मी तिथंच फरशीवर बसलो. खोटं कशाला सांगू, रडू आलं. सात वर्षं तिनं...

आणि संध्याकाळी तिचा फोन, व्हिडिओवर! "अहो, मुलगी झाली! आजोबा झालात! आणि माझा गुलाब कसाय? दाखवा ना." मी झारी दाखवली. मग दाताळं. मग हातमोजे, आधी एक, मग दुसरा. "अहो, गुलाब!" दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला. मग हळूच म्हणाली, "मुळं तरी शाबूत आहेत ना?" म्हटलं, आहेत, अगदी शाबूत आहेत, मुळांपर्यंत पोचायला खुरपं लागतं, ते कुठंय माझ्याकडे? "मग फुटेल," म्हणाली. देवासारखी आहे हो ती! माझा जीव भांड्यात पडला. लगेच विचारलं, मग नातीला बघायला कधी येऊ?

"उद्याच या की," म्हणाली. "पण लांबून बघायचं."

निघतोय उद्या. आता लांबून तर लांबून... दोन्ही हात पाठीमागे धरून बघीन.