हळू बोलायचा शब्द

रंजिता : आधी कडी लावा ना, मावशी. मले इकडं येतानी कोनी पाह्यलं तं…

मनकर्णाबाई : भर दुपारी कडी कायले? घे, लावली. अन् पोट्ट्याले घेऊन उन्हात काहून आली? डोस्कं पाह्य कसं तापलं त्याचं.

रंजिता : चार वाजता गावातले तुमाले चावडीवर बोलावून राहिले. तुमी आत्ताच वरठी स्टेशनावरून गाडी धरा. डिंपलकडं राहा महिनाभर.

मनकर्णाबाई : धान कापाचा पडला हाय अन् मी लेकीकडं जाऊन बसू? काय केलं मी?

रंजिता : परवा अंकुर रडू रडू काळानिळा झाला. आत्याबाई मने, नजर उतरव. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या. ज्यानं ज्यानं पोराले पाह्यलं, त्याचं नाव घेत गेली. शकुनबाईची, विमलाची… तुमचं नाव घेतलं अन् पोट्टा चूप.

मनकर्णाबाई : मंग?

रंजिता : आत्याबाईनं वावरात साऱ्या बायाइले सांगितलं. माह्या देरानं गावच्या ग्रुपवर टाकलं.

मनकर्णाबाई : काय मनून टाकलं? टोनी?

रंजिता : हळू बोला ना वो!

मनकर्णाबाई : पाह्य, तू बी हळू झाली. माही आजी मले लाडानं मने, ‘मोठी टोनी हाय वो हे पोट्टी!’ अंगनभर ऐकू जाये. टोना मंजे मंतर, जडीबुटी. ते जाननारी ते टोनी. दाईले मनत, विंचू उतरवनारीले मनत. मंग एका साली हगवनीनं गावातले पाच लेकरं गेले, अन् नाव टोनीवर आलं. शब्द तोच राह्यला, लोक हळू बोलाले लागले. शिवी जोरात देतेत, बेटा. हे हळू बोलतेत, अन् मंग मारतेत.

रंजिता : मनूनच सांगून राहिली, जा.

मनकर्णाबाई : गेली तं मनतीन, पाहा, पळाली. मले एक सांग. नाव घेतल्यानं पोट्टा चूप होते का?

रंजिता : …नाही. मुंगी होती. टोपड्यात, कानामागं. लाल. मी तवाच काढली ते.

मनकर्णाबाई : अन् तोंडातून बोलली नाही?

रंजिता : भेव लागला. माही पहिली पोरगी गेली, तवापासून आत्याबाई मले पाहून कुजबुजतेत. तुमच्यावरून हा शब्द उठला तं कोनावर बसन, मावशी?

मनकर्णाबाई : तुह्यावर. खोटं कायले बोलू.

(बाहेरून कडी वाजते. रंजिताच्या सासूचा, सुलोचनाबाईंचा आवाज.)

सुलोचनाबाई : रंजिता? इथं आली का वो तू?

मनकर्णाबाई : जा, मांगच्या दारानं निघ. कोनी नाही मनून सांगते मी.

रंजिता : याले धरा.

मनकर्णाबाई : येडी झाली का? मले नोको देऊ त्याले, आज तं नोकोच.

रंजिता : धरा ना, मावशी. मी मांगच्या दारानं नाही जात.

सुलोचनाबाई : रंजिता! पोट्टा कुठं हाय?

रंजिता : मनकर्णामावशीच्या मांडीवर हाय, आत्याबाई. थांबा, कडी काढते.