शिवणीचा दोरा

— नाही नाही काकू, चित्र बघून पिशवी घेऊ नका. चित्रातलं कुत्रं ते खात नसतं. बसा ना त्या स्टुलावर, छकुलीला टोपलीसकट घ्या मांडीवर — छकुलीच म्हणालात ना मघाशी कुत्रीला? ड्रायव्हर सुट्टीवर म्हणून आज तुम्ही स्वतः आलात, बरं झालं. तो येतो, तुमची ठरलेली पिशवी उचलतो, जातो. त्याला काय शिकवायचं? तुमची पिशवी आहे तयार, ही काय काउंटरवर. राहू द्या तिथेच, पळून जात नाही. आधी ऐका. पिशवी कुठलीही असो, उलटी करायची आणि मागचा बारीक मजकूर वाचायचा. जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं लिहितात. तिथे कोंबडी, मासा, असं सरळ नाव पाहिजे. 'मांसजन्य पदार्थ' लिहिलं असेल तर ठेवून द्यायची — ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते त्याला घरात कशाला घ्यायचं? मग दाणा बघायचा. हिचं वजन किती, चार किलो? आणि वय बारा. एवढ्याशा तोंडाला बारीक दाणा हवा, दात हलत असतील तर कोमट पाण्यात भिजवून. वास घ्यायचा — खवट तेलासारखा आला तर परत. आणि म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात, तेव्हा फॉस्फरस कमी, प्रथिनं चांगल्या प्रतीची. नुसतं 'वयस्कर कुत्र्यांसाठी' छापलं म्हणजे आत तसं असतंच असं नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.

कसं म्हणजे? अठरा वर्षं कारखान्यात होते ना मी. कुत्र्यांच्या खाण्याच्याच. पॅकिंगला, पिशव्यांच्या तोंडाची शिवण माझ्याकडे. एका नळीतून दाणे पडायचे, सकाळी हिरव्या पिशवीत, ती तरण्या कुत्र्यांची — आणि दुपारी सोनेरी पिशवीत, ती म्हाताऱ्यांची. नळी तीच, दाणे तेच. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण रोज डोळ्यासमोर असलं की माणूस बघायचं सोडतो. कामगारांना महिन्याला एक सोनेरी पिशवी फुकट मिळायची. मी घरी न्यायचे, माझ्या ठमीला घालायचे. ठमी म्हणजे — असो. तीही चार किलोचीच. मी स्वतः शिवलेली पिशवी मीच उसवायचे आणि तिला वाढायचे, आपलेच दात आपलेच ओठ. आधी ती पाणी प्यायला लागली. वाटीमागून वाटी. मग घरात ओलं करायला लागली, आणि मी तिला रागावले, काकू. दोनदा फटका मारला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत, आणि आधीच थकलेल्यांना हे खाणं फार जड पडलं. एकवीस दिवसांनी गेली. मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, सोनेरी पिशवीत वेगळं का नाही भरत? त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "कुत्रं काय बोलून दाखवणार आहे?" पुढच्या सोमवारी माझ्या मशीनवर दुसरी बाई.

मग मी हे दुकान टाकलं. आणि एक दिवस कारखान्याची गाडी दारात उभी. ड्रायव्हर नवा, मला ओळखत नव्हता. म्हणाला, साहेबांच्या घरच्या कुत्रीला सगळ्यात चांगलं हवं, बाहेरच्या कंपनीचं. म्हणजे बघा — लोकांच्या कुत्र्यांना स्वतःचा माल आणि स्वतःच्या कुत्रीला दुसऱ्याचा. मी हसले. दार लावून घेतलं आणि पोट दुखेपर्यंत हसले. — उठू नका, काकू. तुम्ही कुणाच्या आई ते मी दारातच ओळखलं, नाक अगदी तेच आहे. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्हाला काय माहीत असणार? त्यांच्यावर आहे, आणि तो जायचा नाही, सुंभ जळला तरी पीळ राहतोच. रोज सकाळी शटर वर करताना मी म्हणायचे, एकदा त्यांना कळू दे. वाटीमागून वाटी कशी रिकामी होते, ते एकदा बघू दे.

तुम्ही हिला टोपलीतून बाहेर का काढलंत हो? हिच्याकडे बघू नये म्हणत होते मी. डोळे बघा कसे लावलेत माझ्याकडे — पाणी किती पिते ही? हल्ली? — कधीपासून? — आणि घरात ओलं करते? रागावलात का तिला? — रागावू नका. नका रागावू.

तो दोरा असतो ना, काकू, पिशवीच्या तोंडाचा. नेमकं टोक सापडलं की एका झटक्यात सरसर उसवतो, कागदाला ओरखडाही येत नाही. पुन्हा त्याच भोकांतून शिवायला मात्र सरावाचा हात लागतो. माझा आहे. चार महिने तुमच्या घरी जाते ती पिशवी बाहेरून चांगली आहे आणि आत सोनेरी माल आहे. तुमच्याच कारखान्याचा. मी भरला, मी शिवला. कुणाला कळलं नाही, त्यांनाही नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं मी मनाला समजावलं होतं — पण तेव्हा ही नुसती 'साहेबांची कुत्री' होती. मला काय माहीत, हिचाही एक कान ठमीसारखा खाली पडतो.

द्या ती काउंटरवरची पिशवी. नको, उघडू नका. ही वरच्या फळीवरची घ्या, हिच्या शिवणीला मी हात लावलेला नाही. पण आज हीसुद्धा घालू नका, आधी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या, ते सांगतील तेच खायला द्या. समोरच्याच गल्लीत आहेत, ठमीचेच डॉक्टर. लवकर सापडलं तर वाचतात, काकू. माझं उशिरा सापडलं.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगा. ही उसवून शिवलेलीही घेऊन जा. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, चार महिने तुझाच माल तुझ्याच कुत्रीनं खाल्ला. पोलीस पाठवायचे तर पाठवू दे, मी इथेच आहे, पण मग पिशवीत काय होतं हे त्यांनाच सगळ्यांसमोर सांगावं लागेल. नाव विचारतील. म्हणा, शिवणीवरची बाई. आणि म्हणा, कुत्रं बोललं.

नाही, पैसे नकोत. रडू नका, ती घाबरते. मान धरा तिची अशी. उठा आता, दवाखाना एक वाजता बंद होतो.