किल्ला कुठं पळून जातोय

...नाही, तुम्हीच सांगा, किल्ला काय कुठं पळून जातो का? आमच्या शेजारच्या गुरुशांतअण्णांचं लग्न झाल्यापासून हेच म्हणणं. एस.टी.त कंडक्टर होते, जन्मभर लोकांना गावोगाव पोचवलं, पण बायको, म्हणजे आमच्या हेमावतीवैनी, म्हणाल्या, "अवं, एकदा तो भुईकोट किल्ला दाखवा की," तर ह्यांचं ठरलेलं, "गावातलाच हाय की, जाऊ कवातरी." आणि ते कवातरी उजाडलं कधी? तर वैनींना तपासून डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं तेव्हा. "काचबिंदू फार पुढं गेलाय, गेलेली नजर परत येत नाही, त्यांना काय दाखवायचं असेल ते लवकर दाखवा."

झालं, दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा दारात. वैनी ठेवणीतली इरकल नेसून बसल्या, जणू माहेरीच निघाल्यात. आणि किल्ल्यात शिरल्यावर अण्णा जे सुटले... तुम्हाला सांगतो, कंडक्टरचा आवाज तो, अख्ख्या गाडीला ऐकू जाणारा. "हेमा, बुरूज बघ, तट बघ, कमान बघ, सावकाश, पायरी हाय." वैनी आपल्या त्यांची बाही धरून, "लई छान हाय की." पुढं सिद्धेश्वराच्या तळ्यावर. "पाणी बघ, मधी देऊळ कसं दिसतंय." "लई छान हाय की." मग कोटणीस स्मारकात. "ह्या घरचा पोरगा डॉक्टर होऊन चीनला गेला, लढाईत जखमींची सेवा केली, आन् तितंच वारला." "लई छान हाय की." "अगं, वारला म्हणतोय मी." "व्हय का... अरेरे."

अण्णांना वाटलं, दमली असेल, ऊन काय थोडं होतं?

शेवटी इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे. वैनींना तिथं उभं करून अण्णा पाण्याची बाटली आणायला गेले. परत येऊन बघतात तर वैनी पदर डोक्यावर घेऊन मनोभावे हात जोडून उभ्या. कुणापुढं? पुतळ्यांकडं पाठ, आणि समोर वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेला कुणी दादा, खाली शुभेच्छुकांची अख्खी पलटण. वैनींच्या डोळ्यांत पाणी. "फाशी गेले तवा चौघंबी किती तरणे होते वो."

त्या आवाजाचा माणूस, पण अण्णांनी जवळ जाऊन अगदी हळूच विचारलं, "हेमा, कवापासनं दिसंना झालंय?"

वैनी म्हणाल्या, "दिवाळीपासनं नुसतं धुरकट धुरकट हाय. तुमी एवढ्या हौसेनं रिक्षा बोलावली... कसं सांगायचं?"

"मग दिवसभर लई छान काय म्हणत होतीस?"

"तुमी सांगत होता की. कवा एवढं बोललाय का माझ्याशी?"

अण्णांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून पुतळ्यांकडं वळवलं. वैनींनी पुन्हा हात जोडले.

"आता काय दिसतंय वो समोर?"

"चौघं हायती. हार वाळलेत. पलीकडं भेळेची गाडी हाय."

"मग भेळ घ्या," वैनी म्हणाल्या. "खायला कुटं डोळे लागत्यात?"