कडेवरची नात

आमच्या दवाखान्यात तपासायला लेकरं आणतात आणि नापास मोठी माणसं होतात, हे मी उगाच नाही म्हणत.

परवा इतवारी बाजारातले एक भांड्यांचे दुकानदार आले. सोबत सून आणि कडेवर दीड वर्षाची नात. आजोबांचा चेहरा पार उतरलेला. "मॅडम, पोरगी चालून नाही राहिली. पायात काही कमी आहे काय?"

मी कंबर, गुडघे, पावलं सगळं तपासलं. ठणठणीत! टेबल धरून मस्त उभी राहिली. मी विचारलं, "घरी हिला खाली सोडता ना?"

"खाली? दुकानासमोरून दिवसभर हातगाड्या, टेम्पो जाऊन राहिले! माह्या कडेवरच राहते ते."

"अन् गिऱ्हाईक आलं तर?"

"एका हातानं गंज-पातेले दाखवतो."

सून खाली मान घालून हसली.

पोरीला सतरंजीवर उभं केलं, तर आजोबाही दोन्ही हातांचं कडं करून तिच्याभोवती वाकले. तिनं लगेच उचलून घ्यायला हात वर केले. मी वैतागले. "आजोबा, हात मागं बांधा!"

शाळेतल्या पोरासारखे त्यांनी बांधले. मी खुळखुळा वाजवला. पोरीनं आजोबांकडं पाहिलं, जरा वाट पाहिली. कोणी उचलेना. मग डुलत डुलत थेट माझ्याकडं चालत आली.

"काही कमी नाही हिच्यात," मी म्हटलं. "घरी रोज अशीच खाली सोडत जा."

आजोबांनी हात पुढं घेतले आणि त्या रिकाम्या हातांकडंच बघत राहिले.

"ते ठीक आहे मॅडम. पण मंग ह्या हातायनं मी आता काय करू?"

मी म्हटलं, "टाळ्या वाजवा नं."